जेनोवा : बाकांचे, वह्यांचे आणि बेसनाचे शहर



परदेशवारीचा विषय निघाला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो प्रेक्षणीय स्थळांचा नव्हे, तर ‘तेथे खायचे काय?’ हा. दुसरा प्रश्न चौविहाराचा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधत आम्ही उभयतां जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे चातुर्मासाच्या आधी, इटलीतील जेनोवा या बंदराच्या शहरी चार दिवस राहून आलो. रोम आणि व्हेनिसच्या गर्दीत हे नाव आपल्या सहलवाल्यांच्या यादीत क्वचितच असते. व्यापारी घरांनी मात्र ते आवर्जून पाहावे.

मिलानहून आगगाडीने सुमारे दीड-पावणेदोन तासांत येथे पोहोचता येते. डोंगर थेट समुद्राला भिडलेला; मधल्या चिंचोळ्या पट्टीत जुने शहर. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी भिंतींना लागावेत. मोटारींचा प्रश्नच नाही, पायीच फिरायचे. वृद्धांनी घाबरू नये. चढावर जाण्यासाठी सार्वजनिक लिफ्ट आणि दोरखंडाच्या गाड्या आहेत.

पहिल्यांदा पाहावा तो बांकी चौक. ‘बांको’ म्हणजे बाक. येथे सराफ बाकावर नाणी मांडून बसत. ‘बँक’ हा शब्द इटालियन सराफांच्या अशा बाकांवरूनच आला. ज्याचे दिवाळे वाजे त्याचा बाक मोडून टाकीत, असे परंपरेने सांगतात. ‘मोडका बाक’ या अर्थाच्या इटालियन शब्दांतूनच इंग्रजीतला दिवाळखोरीचा शब्द घडला. चौकातील चर्च जिन्याने वर चढून गाठावे लागते, कारण त्याच्या खाली दुकाने आहेत. चर्च बांधण्याचा खर्च त्या गाळ्यांच्या पैशांतून उभा राहिला. आपल्या संस्थांच्या विश्वस्तांना ही योजना नवी वाटणार नाही.

चौकापासून बंदराकडे दोन मिनिटांवर सान जॉर्जो प्रासाद आहे. मूळ इमारत १२६० ची. येथेच १४०७ मध्ये स्थापन झालेली सान जॉर्जो बँक जवळजवळ चारशे वर्षे चालली आणि नेपोलियनच्या काळात, १८०५ मध्ये, बंद झाली. आयुष्यभर बँकेत काम केलेल्या माझ्यासारख्याचे पाय तेथे क्षणभर थबकले. आतील सभागृहात दात्यांचे पुतळे आहेत. देणगी मोठी असेल तर बसलेला पुतळा, त्याहून कमी तर उभा, आणखी कमी तर केवळ नामफलक. संगमरवरी पाट्यांवरील नावांचा आपला क्रम आठवून हसू आले, आणि गुप्तदानाचे महत्त्वही पटले.

या शहराची खरी थोरवी मात्र एका वहीत आहे. जेनोवाच्या नगरशासनाची १३४० सालची खतावणी तेथील सरकारी दप्तरखान्यात जपलेली आहे. नावे आणि जमा समोरासमोर मांडलेल्या, द्विनोंदी पद्धतीने लिहिलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध वह्यांत तिची गणना होते. या पद्धतीचे विवरण करणारा लुका पाचोलीचा ग्रंथ व्हेनिसमध्ये छापला गेला तो १४९४ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. या खतावणीत काळ्या मिरीचे एक खाते आहे. त्या काळी युरोपात जाणारी मिरी मुख्यतः आपल्या मलबार किनाऱ्याची. नगरशासनाने घेतलेली ती मिरी तोट्यात विकली गेली, आणि खाते मिटवताना तो तोटा जसाच्या तसा लिहिला गेला. ही गोष्ट मी एम.कॉम.च्या वर्गात वाचली होती. त्या गावी उभे राहिल्यावर ती वेगळीच भासली. त्याचे कारण पुढे सांगतो.

आता खाण्याविषयी. जेनोवाचा खरा मेवा म्हणजे फरिनाता. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेली जाड पोळी. चव थेट आपल्या धिरड्याची. पीठ काही तास भिजवून ठेवतात, तेव्हा ज्यांचा तसा नियम आहे त्यांनी विचार करावा. काही ठिकाणी वर कांदा किंवा बारीक मासे घालतात, म्हणून साधीच मागावी. फोकाच्चा हा तेलातला पावही सर्वत्र मिळतो. त्यात यीस्ट असते, शिवाय चरबी वापरली नसल्याची खात्री करून घ्यावी. पेस्तो ही हिरवी चटणी मात्र वर्ज्य. तुळशीच्या जातीची पाने, चिलगोज्यासारख्या बिया आणि ऑलिव्ह तेल इथपर्यंत ठीक. पण तिच्यात लसूण असतो, आणि जे चीज असते ते वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले.

हे मला आधी माहीत नव्हते. पहिल्या दुपारी सौ. विश्रांती घेत असताना मी एकटाच बाहेर पडलो आणि भुकेपोटी, न विचारता, हिरवी चटणी लावलेला पाव खाल्ला. तिच्यात काय असते हे रात्री वाचनात आले. प्रतिक्रमणात आलोचना केली, पण सौ.ना सांगितले नाही. प्रवासात त्यांचे मन कशाला कष्टी करावे, असे कारण मनाला दिले.

दुसऱ्या दिवशी एका गल्लीतील जुन्या फरिनाताच्या दुकानात गेलो. मुलाने इटालियनमध्ये लिहून दिलेला कागद सौ.नी पुढे केला : मांस नको, मासे नकोत, अंडे नको, लसूण, कांदा, बटाटा नको. दुकानदाराने तो शांतपणे वाचला आणि फरिनाता कापून दिली. सौ.नी शेजारच्या हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या कांड्यांकडे बोट दाखवले. त्याने मान हलवली, कागदावरील ‘मासे’ या शब्दावर बोट ठेवले आणि मग कढईकडे दाखवले. तेल तेच होते. न सांगता विकले असते तर आम्हाला कधी कळलेही नसते.

संध्याकाळी लिफ्टने कास्तेलेत्तोच्या सज्जावर गेलो. खाली पाटीदगडांची छपरे, पलीकडे बंदर आणि १५४३ सालचा ७७ मीटर उंच दीपस्तंभ. तेथे मी सौ.ना आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पिशवीतला कागद काढून माझ्या हाती देत म्हणाल्या, “उद्यापासून हा तुम्हीच जवळ ठेवा.” चूक खाण्यात झाली होती, त्याहून मोठी ती न नोंदवण्यात होती, हे मला त्या वहीने आणि त्या दुकानदाराने शिकवले.

जाणाऱ्यांसाठी थोडे आणखी. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार सहज साधतो. हिवाळ्यात पाचच्या आतच अंधारते. गारीबाल्दी मार्गावरील धनिकांचे वाडे अवश्य पाहावेत. जुन्या काळी सरकारी पाहुणे कोणत्या वाड्यात उतरवायचे याच्या याद्या असत. त्यांतील ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. बंदरावरील मत्स्यालय प्रसिद्ध आहे; काचेआड कोंडलेले जीव पाहणे आम्हाला रुचले नाही, म्हणून टाळले. कापडवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की ‘जीन्स’ हे नाव याच शहराच्या फ्रेंच नावावरून आले, तसे ‘डंगरी’ आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून.

आणि नियमांचा कागद प्रत्येकाने स्वतःच्या खिशात ठेवावा. सौ.च्या पिशवीत नव्हे.