'डिस्को दीवाने' आणि 'अपसंस्कृती'चा चुकलेला नेम

संस्कृतीच्या प्रश्नावर पुरोगामी वर्तुळातही एक सोयीस्कर समज अद्याप टिकून आहे. तरुणांच्या ओठी रुळलेले गाणे पाश्चात्त्य ठेक्यावर बेतलेले असले, की ते साम्राज्यवादी अपसंस्कृतीचे अपत्य ठरते. त्याचा निषेध केला, की सांस्कृतिक आघाडीवरील कर्तव्य संपले! नाझिया हसन या गायिकेच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास तपासला, तर हा समज किती पोकळ आहे आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे ध्यानी येते.

नाझियाचा जन्म 1965 साली कराचीत झाला. लंडनमध्ये शिकत असतानाच तिने 'कुर्बानी' (1980) या हिंदी चित्रपटासाठी 'आप जैसा कोई' हे गीत गायिले. संगीतकार बिड्डू मूळचा बंगलोरचा. इंग्लंडमध्ये त्याने 1974 साली 'कुंग फू फायटिंग'द्वारे जगभर नाव कमावलेले. या गीतासाठी अवघ्या पंधराव्या वर्षी नाझियाला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पाठोपाठ 1981 साली बिड्डूच्याच संगीत-निर्मितीखाली नाझिया व तिचा भाऊ झोहेब यांची 'डिस्को दीवाने' ही ध्वनिमुद्रिका आली. कराचीची मुलगी, बंगलोरचा संगीतकार, लंडनचा स्टुडिओ, सीमेच्या दोन्ही बाजूंस समजणारी हिंदुस्थानी भाषा! राज्यकर्ते परस्परांविरुद्ध शस्त्रे परजत असताना दोन्ही देशांतील तरुण एकच गाणे गुणगुणत होते.

पाकिस्तानात त्या वेळी कोणाचे राज्य होते? 5 जुलै 1977 रोजी सत्ता बळकावणाऱ्या जनरल झियांचे. 1979 साली त्यांनी हुदूद वटहुकूम लादले. सरकारी दूरचित्रवाणीवर स्त्रियांनी डोके झाकावे, असा फतवा निघाला. 12 फेब्रुवारी 1983 रोजी लाहोरमध्ये निदर्शने करणाऱ्या स्त्रियांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. अशा राजवटीत एका तरुण मुलीने मोकळ्या आवाजात आनंदाचे गाणे गावे, हे धर्मांधांना खुपणे स्वाभाविकच होते. पण सीमेच्या अलीकडे पुरोगामी म्हणविणाऱ्यांनी त्याच गाण्याकडे नाके मुरडावीत, हे कोणत्या वर्गदृष्टीत बसते? 1980च्या दशकात पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या राज्यात 'अपसंस्कृती'विरोधी मोहिमेचा रोख उषा उथुप यांच्यासारख्या गायिकेवर वळला. त्यातून मक्तेदारांचे एका पैशाचेही नुकसान झाले नाही.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना तरी हे सांगावे लागू नये. तमाशालाही अभिजनांनी अश्लील व गावंढळ ठरविलेच होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी त्या फडाला शिवी दिली नाही. लाल बावटा कलापथकातून त्याच ढोलकीच्या तालावर गिरणी कामगारांचा व शेतमजुरांचा प्रश्न उभा केला. ठेका कोणत्याही वर्गाचा मिंधा नसतो.

'डिस्को दीवाने'त शोषणाविरुद्ध एक अक्षरही नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. ही ध्वनिमुद्रिका क्रांतिगीतांची नव्हे, असा दावाही कोणी केलेला नाही. परंतु दिवसभर राबलेल्या तरुणाला नाचावेसे वाटणे हा अपराध नव्हे. खरा प्रश्न त्याच्या आनंदावर मालकी कोणाची, हा आहे.

भारतात ही ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनीने 'एचएमव्ही'च्या छापाखाली विकली. ब्रिटनच्या ईएमआय या बहुराष्ट्रीय मक्तेदारीचे हे अपत्य दशकानुदशके भारतीय संगीताच्या बाजारावर ठाण मांडून होते. त्याच्या ध्वनिमुद्रिका कलकत्त्यानजीक दमदमच्या कारखान्यात कामगारांच्या हातून घडत. 1980च्या दशकाच्या मध्यास कंपनी गोएंका समूहाकडे गेली. 2000 साली तिचे नाव 'सारेगामा' झाले. त्याच वर्षी नाझियाचा लंडनमध्ये, वयाच्या 35व्या वर्षी, कर्करोगाने मृत्यू झाला. गायिका गेली, तिच्या आवाजावर होणारा व्यापार मात्र थांबला नाही. 'स्टुडंट ऑफ द इयर' (2012) मध्ये 'डिस्को दीवाने' पुन्हा वाजले, 'ॲन ॲक्शन हीरो' (2022) मध्ये 'आप जैसा कोई'.

2012 सालीच स्वामित्व हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील समान वाटा करारानेही हिरावता येणार नाही, अशी तरतूद झाली. गायक-वादकांचाही हक्क मान्य झाला. चित्रपटसृष्टीतील कलावंतांनी दीर्घकाळ झगडून ती मिळविली. कायद्यातील हक्क पदरात पडण्यासाठी मात्र संघटना लागते. नामांकित गायकामागे उभा राहणारा वादक, कोरसमधला आवाज, ध्वनिमुद्रणाचा तंत्रज्ञ यांची बाजू आजही दुबळी आहे.

सांस्कृतिक आघाडीचे काम येथे आहे. तरुणांच्या गाण्यांची पोलीस-तपासणी करण्याचे काम प्रतिगामी शक्ती उत्साहाने करीतच आहेत. त्यांना साहाय्यकांची गरज नाही. कार्यकर्त्यांनी गाणे ऐकावे, त्यामागे राबणाऱ्या हातांना संघटित करावे आणि नेम धरायचाच, तर तो गल्ल्यावर बसलेल्या मालकावर धरावा.