साथीत राबणाऱ्यांची पोरे कोणी सांभाळायची?

करोनाची साथ ओसरली त्याला आता बरीच वर्षे झाली. गेले ते गेले, राहिले ते आपापल्या धंद्याला लागले, आणि त्या वेळचे सरकारी हुकूम कचेऱ्यांच्या कपाटांत धूळ खात पडले. मग आताच ही गोष्ट उकरून काढण्याचे कारण काय, असे आमचे कित्येक वाचक विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, तहान लागल्यावर विहीर खोदण्याची रीत आपल्या रयतेला फार महाग पडलेली आहे. साथ पुन्हा येणार नाही अशी हमी कोणी डॉक्टर देत नाही. मागच्या खेपेस आपल्या घरांवर जो एक भार मुकाट्याने लादला गेला आणि ज्याची दाद कोणत्याच दप्तरात लागली नाही, त्याचा हिशेब स्वस्थतेच्या काळातच मांडला पाहिजे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, अंगणवाड्या बंद झाल्या, आणि २४ तारखेच्या रात्री सारा देश बंद करण्याचा हुकूम सुटला. घरात बसा, असे सर्वांस सांगण्यात आले. परंतु सर्वच घरात बसले असते तर देश आठ दिवसांत उपाशी मेला असता. म्हणून त्याच हुकुमात अत्यावश्यक सेवा नावाची एक यादी होती. त्या यादीत कोण होते ते आपल्या कुर्डुवाडीच्या नाक्यावर उभे राहून पाहिले तरी पुरे होते. रुग्णालयातील नर्स, नगरपरिषदेचा सफाई कामगार, पोलीस शिपाई, दूध गोळा करणारा, गावोगाव फिरणारी आशा, आणि रुळांवर राबणारे रेल्वेचे लोक. बार्शी लाईटची छोटी गाडी १८९७ साली येथून सुटू लागली तेव्हापासून हे गाव रेल्वेच्या घामावर उभे आहे, आणि मालगाड्या टाळेबंदीतही थांबल्या नाहीत. सांगोल्याची डाळिंबे पंढरपूर-कुर्डुवाडीवरून परमुलखात नेणारी किसान रेल त्याच वर्षी चालू झाली. देशातील शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच निघाली आणि तिचा समारंभही झाला. त्या गाडीखालचा रूळ तपासणाऱ्या गँगमनच्या घरी त्या दिवशी पोर कोणाजवळ होते, हे मात्र समारंभात कोणी विचारले नाही.

साखर कारखाने चालू होते, म्हणजे ऊसतोडही चालू होती. सोलापूर जिल्ह्यात उसाची चिमणी दिसणार नाही असा तालुका विरळा. बीड-नगरकडील टोळ्या पाचटाच्या खोपीत अडकून राहिल्या. त्यांस घरी परतण्याची परवानगी एप्रिलात मिळाली. कोयता चालवणाऱ्या बाईचे तान्हे पोर फडाच्या बांधावर झोळीत असते, हे आपणांस नवे नाही. नवे एवढेच होते की, ऊस अत्यावश्यक ठरला आणि झोळी ठरली नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. आई कामावर, बाप कामावर, शाळा बंद, अंगणवाडी बंद. मग पोरे कोणी सांभाळली? दोघांनी. एक घरची म्हातारी, आणि दुसरी घरची थोरली मुलगी. डॉक्टर ओरडून सांगत होते की वृद्धांना जपा, त्यांना ह्या रोगाचा धोका सर्वांत मोठा. आणि नर्स आपली पाळी संपवून घरी येत होती ती सासूच्या मांडीवरचे पोर उचलायला! सरकारने ज्या म्हातारीला दूर ठेवा म्हणून सांगितले, तिच्याच गळ्यात सरकारच्या निष्काळजीपणाने पोर बांधले. थोरल्या मुलीची कथा आम्हा शाळामास्तरांस चांगली ठाऊक आहे. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. म्हणजे पावणेदोन वर्षे ही पोरगी भावंडे वागवीत होती. मोबाईलवरची शाळा घरात असलीच तर ती भावासाठी असे. ती परत वर्गात आली तेव्हा जोडाक्षर विसरलेली होती, पण भात मऊ शिजला की नाही हे अचूक ओळखीत होती. कोणी ह्याला संस्कार म्हणतील. आम्ही ह्याला चोरी म्हणतो. तिच्या शिक्षणाची चोरी.

सरकारने काहीच खर्च केला नाही असे आम्ही म्हणत नाही. १४ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने राज्यांच्या आपत्ती निधीतून साथीवर खर्च करण्यास मुभा दिली. त्या यादीत विलगीकरणाच्या छावण्या होत्या, तपासणी होती, अंगरखे-मुखपट्ट्या होत्या. पुढे अडकलेल्या मजुरांचा निवारा आणि अन्नही आले. राबणाऱ्यांच्या पोरांसाठी पाळणाघर मात्र त्या यादीत नव्हते. आरोग्यसेवक कामावर असता मेला तर ५० लाखांचा विमा होता, आणि त्यात आशाही धरलेली होती. आईबाप दोन्ही साथीत गेले तर पोराच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवण्याचे राज्याने जून २०२१ मध्ये ठरवले. ह्या दोन्ही गोष्टी चांगल्या. ज्या घरांना त्या मिळाल्या त्यांचे एक पैही आम्हांस डोळ्यांत खुपत नाही. परंतु वाचकहो, हा न्याय पहा. आई मेल्यावर तिच्या पोराची किंमत सरकारला कळते. ती जिवंत असून आमच्यासाठी उन्हातान्हात फिरत असते तेव्हा तिचे पोर तिच्या नशिबावर! आणि मधल्या काळात तिला काय मिळाले? २२ मार्चच्या टाळ्या आणि ५ एप्रिलचे दिवे.

टाळ्यांचा खर्च नसतो. पाळणाघराचा किती असता, ते आम्ही पाटीवर मांडून पाहिले. एका गावात अशा कामावर जाणाऱ्यांची सहा वर्षांखालील डझनभर पोरे धरा. त्यांना दोन बाया पुरे. रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२०-२१ साली २३८ रुपये होती. दोघींची महिनाभराची, एकही सुट्टी न धरता, १४,२८० रुपये. खोली शाळेची, ती तेव्हा रिकामीच होती, नाहीतर विलगीकरणाला दिलेली. शिधा अंगणवाडीचा, तो तेव्हा घरपोच वाटला जातच होता. म्हणजे एका मृत सेविकेच्या विम्याच्या ५० लाखांत एका गावचे असे पाळणाघर २९ वर्षे चालते. हा हिशेब मंत्रालयातील विद्वानांस जमत नाही असे नाही. त्यांच्या घरी मोलकरीण असते, म्हणून तो मांडण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही.

कोणी म्हणेल, पोरे एकत्र केली असती तर रोग पसरला असता. शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर इतर देशांनी तेव्हाच दिले होते. इंग्लंडने मार्च २०२० मध्ये शाळा बंद केल्या, पण नर्स, पोलीस, अन्नधान्य पोहोचवणारे ह्यांच्या मुलांसाठी त्या उघड्या ठेवल्या. ऑस्ट्रेलियाने एप्रिलपासून काही महिने पाळणाघरे सरकारी पैशाने फुकट चालवली. अमेरिकेने मार्चमध्येच साडेतीन अब्ज डॉलर बालसंगोपनासाठी वेगळे काढले, आणि त्यातून अत्यावश्यक कामावरच्या लोकांची मुले सांभाळण्याची मुभा राज्यांस दिली. पाच-सहा मुलांचा एक गट, त्याला एकच सांभाळणारी, हवेशीर जागा, एवढी काळजी घेतली की धोका कमी राहतो. खेड्यातील शाळेच्या ओसरीहून हवेशीर जागा कोणत्या शहरात आहे?

शिवाय पोरे वेगळी राहिली असती तर ना! ती गल्लीत एकत्रच होती. फक्त तेथे त्यांच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते.

कायद्याचे पाहू गेले तर गंमत अधिकच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सांगितले. २०१७ साली प्रसूती कायद्यात दुरुस्ती होऊन ५० नोकर असतील तेथे ते बंधनकारक झाले. पण आशा ही कागदोपत्री नोकरच नाही! ती स्वयंसेविका. तिला पगार नाही, मोबदला आणि मानधन. म्हणून तिला मोजायचे नाही. सफाई कामगार ठेकेदाराचा, म्हणून नगरपरिषदेने त्याला मोजायचे नाही. ऊसतोडणी करणारी मुकादमाची, म्हणून कारखान्याने तिला मोजायचे नाही. सर्वांस मोजण्याचे टाळले की पन्नासाचा आकडा कधीच भरत नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला तेव्हा कोठे हजार रुपयांची वाढ आणि पाचशेचा करोना भत्ता पदरात पडला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरवाच्या कागदाने पोराची भूक भागत नाही, हे त्या माउल्यांना आम्ही सांगायला नको.

आणि ही मागणी काही साहेबाच्या देशातून उचलून आणलेली नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळी पोरांना जेवू घातले. संकटात आधी पोरे, हा धडा जोतीरावांनी तेव्हाच घालून दिला. वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा केला. घरे झडण्याचा, माणसे उचलण्याचा अधिकार त्याने दिला. पोरांचे काय, ह्याविषयी त्यात चकार शब्द नाही. त्याच साली सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंतराव हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेले पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले असे सांगतात, आणि १० मार्चला त्या स्वतः त्याच रोगाने गेल्या. २०२० साली सरकारने हाच १८९७ चा कायदा पेटीतून काढून लावला. तो काढताना त्या सालची दुसरी आठवण मात्र कोणाला झाली नाही.

आता थोडे आपल्याच लोकांना. साथीत ज्या गावांनी आशाताईला पाणी दिले नाही, ज्या घरमालकांनी नर्सला खोली खाली करायला सांगितली, ते सगळे काही पेशव्यांचे वंशज नव्हते. त्यात आपलेही लोक होते. पोर सांभाळणे हे बायकांचे काम, त्याला पैसा कशाला, असे चावडीवर म्हणणारेही आपलेच. सुताराने तासलेल्या फळीला मोल आहे, कुंभाराच्या मडक्याला मोल आहे, आणि दिवसभर बारा पोरांचे हगणेमुतणे काढणाऱ्या बाईच्या श्रमाला मोल नाही, हे कोणत्या न्यायाने? भटजीला फुकट राबवणे कधी कोणाला जमले नाही. मग ह्या बाईलाच फुकट का राबवायचे? अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर हे आणखी एक ओझे विनामोबदला टाकले जाईल तर आमचा त्यास विरोध आहे, हे आताच सांगून ठेवतो. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, कामावर पाचांहून कमी नाहीत इतकी लहान पोरे आली तर एका मजूर बाईला पोरे सांभाळण्यास नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, असे लिहिले होते. म्हणजे पोर सांभाळणे हे मजुरीचे काम आहे हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेले आहे. खडी फोडताना जे खरे, ते साथीत खोटे कसे?

पाळणाघराची योजना आज नाही असेही नाही. जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचे २०२२ मध्ये पाळणा असे नामकरण झाले, आणि देशभर १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघरे जोडण्याचे ठरले. पण ही नित्याची गोष्ट झाली. साथ येताच नित्याचे सर्व बंद होते, हा २०२० चा अनुभव. म्हणून मागणी नेमकी पाहिजे. पहिली अशी की, आपत्ती निधीच्या खर्चाच्या यादीत, अत्यावश्यक कामावरच्यांच्या मुलांचे संगोपन, हे शब्द घालावेत. आणि कामावरचे म्हणजे ठेकेदाराचे, मुकादमाचे आणि मानधनावरचेही. दुसरी जिल्ह्याच्या पातळीवरची. २००५ च्या आपत्ती कायद्याप्रमाणे जिल्ह्याचा आराखडा दरसाल पाहिला जातो. त्यात होड्या किती, रुग्णवाहिका किती, हे लिहितात. कोणत्या गावची कोणती खोली, कोणत्या दोन बाया, रोज किती, हेही त्यात लिहावे.

निधी येईपर्यंत गावाने हात जोडून बसण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. ते कोठे जातात, हे येत्या ग्रामसभेत विचारा. बायकांनी विचारले तर अधिक बरे. ठराव चार ओळींचा पुरे: साथ किंवा आपत्ती जाहीर झाल्यापासून तीन दिवसांच्या आत शाळेच्या खोलीत पाळणाघर सुरू व्हावे, सांभाळणाऱ्या बायांस सरकारी मजुरीहून कमी रोज देऊ नये, आणि तो आठवड्याच्या आठवड्याला चुकता व्हावा. ठराव लिहिणारा मिळत नसेल तर गावच्या मास्तराकडून लिहून घ्या, आणि त्याची एक नक्कल तहसीलदारास माढ्याला पाठवून पोच घ्यायला विसरू नका.