मुलांसोबत : विणकराची चिठ्ठी

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. लेक शाळेतून आली ती दप्तर सोफ्यावर फेकूनच. वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "तमारा शिवाजीए अमारुं सुरत लूंट्युं." हिने सांगितलं, ते स्वराज्यासाठी होतं. मग दोघांचं बोलणं बंद. जेवताना तिने विचारलं, "आई, आपण मग कुठले?"

हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच घरांत येत असणार. माझे सासरे नंदुरबारहून आले, उधन्यात लूमवर लागले. नवऱ्याचा जन्म इथला, लेकीचाही. ती भांडतेसुद्धा गुजरातीत. तिला एका वाक्यात उत्तर देऊन भागणार नव्हतं.

म्हणून मंडळाच्या रविवारच्या वर्गातली नऊ मुलं घेऊन महिनाभर हाच विषय केला. आधी चौक बाजारचा किल्ला पाहिला. महाराज आले तेव्हा शहराचा मोगल अधिकारी इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. मग कतारगाम दरवाज्याजवळची इंग्रजांची कबरस्तानं. तिथले मोठाले घुमट पाहून मुलांना वाटलं, दर्गाच आहे. जॉर्ज ऑक्झिंडेन हा १६६४ मध्ये इंग्रज वखारीचा प्रमुख. त्याने वखार लढवून राखली, १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. भाऊ क्रिस्टोफरही तिथेच आहे. "व्यापाऱ्याला एवढी कबर कशाला?" एकाने विचारलं. त्या एका प्रश्नावर पुढचा अर्धा तास गेला: जहांगीराचं फर्मान, कापड, नीळ, आणि व्यापाराला आलेले राज्यकर्ते कसे झाले ते.

घरी चहाच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले, बोरू तासले. (कागदाच्या कडा मेणबत्तीवर जाळायची हौस करू नका. आमच्या हॉलचा पडदा थोडक्यात वाचला.) मग चिठ्ठ्या टाकल्या. इंग्रज कारकून, विरजी व्होरा शेठचा मुनीम, किल्ल्यातला शिपाई, महाराजांचा घोडेस्वार आणि घर जळालेला विणकर. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने तो माणूस होऊन जानेवारी १६६४ मधल्या त्या चार-पाच दिवसांचं पत्र लिहायचं.

तयारीसाठी सभासद बखरीतला सुरतेचा भाग सोप्या मराठीत सांगितला. वखारीतला पाद्री एस्कॅलियट याने त्याच महिन्यात इंग्लंडला पाठवलेल्या पत्रातला मजकूरही सांगितला. त्यात कैद्यांचे हात तोडल्याचं आहे. हे मुलांना सांगावं का, यावर मी दोन रात्री विचार केला. शेवटी सांगितलं. इनायतखानाच्या वकिलाने बोलणीच्या निमित्ताने येऊन महाराजांवर खंजीर उगारला, त्यानंतर हे घडलं, तेही सांगितलं. त्याआधी शाहिस्तेखानाच्या फौजेने पुणे प्रांताची काय दशा केली, ते सांगितलं. महाराजांनी कॅपुचिन पाद्र्यांचं घर राखलं, हे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहून गेलाय, तेही. मुलं खूप भांडली. मला बरं वाटलं. नुसत्या जयजयकारापेक्षा हे भांडण मला परवडतं.

विणकराची चिठ्ठी नेमकी लेकीला आली. ती रुसली. "घोडेस्वार हवा होता. आणि याचं खरं पत्र कुठे आहे? बाकीच्यांबद्दल काही ना काही आहे."

नाही, म्हटलं. इंग्रजांना लंडनच्या साहेबांना हिशोब कळवावा लागे, म्हणून त्यांचे कागद राहिले. या माणसाकडून कुणी काही लिहून घेतलं नाही.

मग ती आजोबांकडे गेली. घराला आग लागली तर विणकर आधी काय बाहेर काढेल? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सूत. माग पुन्हा उभा करता येतो. सूत उधारीवर आणलेलं असतं."

तिने पत्रात तेच लिहिलं. सूत काढलं, माग राहिला, आणि ज्या शेठचं सूत होतं त्याचंही घर लुटलं गेलं, आता हे परत कुणाला द्यायचं? महाराजांबद्दल एक शब्द नाही, ना बरा ना वाईट. मी विचारलं, तर म्हणाली, "त्याला कुठे माहीत असणार, कोण आलं होतं आणि का?"

सुट्टीनंतर तिने ते पत्र गुजरातीत उतरवून त्या मुलाला वाचायला दिलं. त्याने दोन ठिकाणी जोडणी सुधारून परत केलं. आता तो पुढच्या रविवारी आमच्याकडे येतोय. त्याला मुनिमाची चिठ्ठी हवी आहे.