शेराला काम कोण देणार?

तुमच्या इन्स्टा फीडवरही तो येत असणार. अस्वलाएवढा झुबकेदार कुत्रा, बाजूला गॉगल लावलेला मालक आणि मागे दणदणीत गाणं. ‘भाई, आपल्याला पण असाच पाहिजे’ असं वाटलं असेल, तर दोन मिनिटं थांबा. आमच्या माकुणसारच्या वाडीत असा एक आहे. तिबेटन मॅस्टिफ. नाव शेरा.

माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, तो पिल्लू असताना आणला. तेव्हा अख्ख्या आळीने त्याच्यासोबत सेल्फी काढले. आज तो दोन वर्षांचा आहे. वजन माझ्यापेक्षा जास्त आणि दिवसभर आंब्याखाली साखळीला बांधलेला. मे महिन्यात आपल्याकडची हवा कशी चिकट असते, ते तुम्हाला सांगायला नको. अंगावर केसांचा दुहेरी थर घेऊन तो नुसता धापा टाकत पडतो. रात्री वारा सुटला की भुंकायला लागतो आणि सकाळी शेजारच्या काकूंचा फोन येतो.

दादा म्हणतो, “येडा झालाय तो.” मला विचाराल तर शेरा अगदी बरोबर वागतोय. पत्ता चुकलाय.

हा राखणदार कुत्रा. तिबेटच्या पठारावर याक, मेंढ्या आणि तंबू राखायचं त्याचं काम. तिथे त्याला दिवसा बांधून रात्री मोकळं सोडायची पद्धत होती. म्हणजे रात्रीचं भुंकणं ही त्याची ड्युटी! असे कुत्रे कळप हाकत नाहीत, ते काम कोलीसारख्या जातींचं. हे कळपातच वाढतात आणि त्यालाच आपलं घर मानतात. लांडगा दिसला की आधी भुंकायचं, मग मध्ये उभं राहायचं, अंगावर जायचं ते शेवटी. मालक दूर असतो, म्हणून निर्णय स्वतःच घ्यायचा. त्यामुळेच ‘बस’ म्हटल्यावर शेरा आधी विचार करतो. आमच्याकडे त्याने राखायचं काय? नारळ, केळी आणि दादाची बुलेट. मग दूधवालाच लांडगा ठरतो.

“खोलीत एसी लावू ना,” दादाचं उत्तर. केस भादरायचंही त्याच्या डोक्यात होतं. पण तेच केस उन्हापासूनही वाचवतात. आणि एसीने अंग गार होईल, रिकामपण कसं जाईल?

राखणदार कुत्रा बघायचाच असेल तर लांब जायला नको. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. रात्री त्यांच्या वाड्याभोवती कुत्रे असतात. त्यांना ना सर्टिफिकेट, ना फॉलोअर्स. पण कळप आहे, चालणं आहे, काम आहे.

काम काढून घेतलं आणि नुसती किंमत लावली की काय होतं, ते चीनने पाहिलंय. 2014 मध्ये तिथे तिबेटन मॅस्टिफचं एक पिल्लू 1 कोटी 20 लाख युआनला विकलं गेल्याची बातमी जगभर गाजली. पुढे फॅशन ओसरली, भाव कोसळले आणि कित्येक कुत्रे सोडून दिले गेले. तिबेटच्या पठारावर त्यांच्या भटक्या टोळ्या झाल्या.

‘मग बंदीच घाला की,’ असं कोणी म्हणेल. मार्च 2024 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून 23 जातींची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं होतं. कॉकेशियन शेफर्ड, कांगल हे राखणदार कुत्रेही त्या यादीत होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. मला विचाराल तर ‘हिंस्र’ हा शिक्का कुत्र्यावर मारून उपयोग नाही. मागणी आपली आहे. आपण लाइक करतो, डीएममध्ये ‘प्राइस?’ विचारतो, म्हणून पिल्लं इथवर येतात.

तेव्हा पिल्लू बुक करण्याआधी स्वतःला विचारा: याला मी रोज काय काम देणार? होस्टेलला किंवा नोकरीला गेल्यावर याच्याकडे कोण बघणार? उत्तर नसेल, तर गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घरी आणा. आपली हवा त्याला जन्मापासून ठाऊक असते.

मागच्या रविवारी दादाने मला शेराचा फोटो पाठवला. “पोस्ट टाक गं, ‘चांगलं घर हवं आहे’ म्हणून.” मी अजून टाकलेली नाही. शेरासाठी चांगलं घर म्हणजे नेमकं कुठलं, तेच मला लिहिता येत नाहीये.