सांभरच्या शेजारचे कमी मीठ

दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट भरलेला जेमतेम एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा आहे. मिठात वजनाने सुमारे 40 टक्के सोडियम असते, म्हणून हीच मर्यादा सोडियममध्ये 2000 मिलिग्रॅम होते. जगात सरासरी माणूस याच्या दुप्पट मीठ खातो. रक्तात सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेतील ‘डॅश-सोडियम’ चाचणीत (2001) सोडियम पायरीपायरीने कमी केले, तसा रक्तदाबही पायरीपायरीने उतरला. आधीच उच्च रक्तदाब असलेल्यांना त्याचा अधिक फायदा झाला.

जयपूरच्या वायव्येस, सीकर रोडलगतच्या मुरलीपुऱ्यात हा हिशेब जमवायचा तर आधी तिथले स्वयंपाकघर पाहावे लागते. देशातले सर्वांत मोठे आंतर्देशीय खाऱ्या पाण्याचे सरोवर, सांभर, जयपूरपासून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. एके काळी जयपूर आणि जोधपूर या दोन संस्थानांची त्यावर सामाईक मालकी होती. 1870च्या सुमारास इंग्रजांनी करार करून तिथले मिठाचे उत्पादन हाती घेतले. पाऊस कमी, हिरवी भाजी मोजके महिने आणि मीठ मात्र हाकेच्या अंतरावर. अशा मुलखात पापड, मंगोडी (मूगडाळीच्या वाळवलेल्या वड्या), भुजिया, कैर या रानफळांचे लोणचे हेच वर्षभराचे कोठार झाले. मीठ तिथे चवीइतकेच टिकवणीसाठी लागते.

म्हणून नुसती मीठदाणी लपवून फारसे साधत नाही. महाराष्ट्रीय ताटात डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढतात, ते बंद केले की पथ्य पाळल्याचे समाधान मिळते. पण त्याच ताटातले लोणचे आणि पापड सुटलेले नसतात. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, राजस्थानात त्याला साजी म्हणतात. तोही सोडियमचाच क्षार. खाण्याच्या सोड्याचेही तेच. त्यात सुमारे 27 टक्के सोडियम असते, म्हणजे छोट्या चमचाभर सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम. तो खारट लागत नाही, त्यामुळे जीभ त्याचा पत्ता लागू देत नाही.

गट्ट्याच्या भाजीत हे सारे एकत्र येते. बेसनात मीठ, ओवा, तिखट आणि चिमूटभर सोडा घालून वळकट्या उकळतात, मग तुकडे करून दह्याच्या रश्श्यात सोडतात. रश्श्यात पुन्हा मीठ पडते, आणि सोबत बहुधा पापड असतो. इथे सोडा गाळून दही व तेलाचे मोहन थोडे वाढवले तर गट्टे मऊच राहतात. मीठ फक्त रश्श्यात, तेही शेवटी घालावे. आंबटपणाने मिठाची उणीव बरीच झाकली जाते आणि त्यासाठी राजस्थानी घरात काचरी या आंबट रानकाकडीची पूड असतेच. खारवलेले कैर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ते पाणी टाकले तर बरेचसे मीठ निघून जाते. बाजरीची भाकरी बिनमिठाचीही छान लागते, फक्त जोडीला लोणचे किंवा ठेचा नको.

पाकीटबंद खाण्यावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. तो आकडा सहसा 100 ग्रॅमचा असतो, आणि भुजियाचे पाकीट उघडल्यावर मोजून कोण खाते, हा भाग वेगळा. सैंधव आणि पादेलोण निरुपद्रवी आहेत हा गैरसमज मात्र मुळातून काढायला हवा. दोन्ही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच आहेत, शिवाय सैंधव सहसा आयोडीनयुक्त नसते. उपवासाला ते खुशाल वापरावे, पथ्य म्हणून नाही.

पोटॅशियम मिसळलेल्या मिठाची गोष्ट निराळी. चीनमधील 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात (2021) असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटले. पण मूत्रपिंड दुबळे असलेल्यांच्या किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायकरीत्या साचू शकते. त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

मीठ एकदम तोडले तर जेवण अळणी लागते आणि आठवड्यात पथ्य मोडते. थोडेथोडे कमी केले तर काही आठवड्यांत जीभ सरावते. मात्र सगळ्यांना एकच माप लागू होत नाही. मुरलीपुऱ्याला खेटून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. तिथे मे महिन्याच्या उन्हात भट्टीपाशी राबणाऱ्याच्या घामातून बरेच सोडियम जाते, त्याची मर्यादा बैठे काम करणाऱ्याच्या मापाने ठरवता येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांचे सोडियम आधीच खाली असू शकते. त्यांना अशक्तपणा, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसली तर मीठ आणखी घटवण्याआधी रक्त तपासून घ्यावे.