आवड आणि पारख

आवडलेल्या गोष्टीकडे माणूस पुन्हा पुन्हा वळतो. ऐकलेली कथा तो पुन्हा ऐकतो, वाचलेले पुस्तक पुन्हा उघडतो आणि लहानपणी पाहिलेला चित्रपट मोठेपणी पुन्हा पाहतो. त्याच कथेवर कोणी नवे नाटक अथवा नवा चित्रपट काढला, की तोही पाहिल्यावाचून त्याला राहवत नाही. मग जुने बरे की नवे बरे, यावर घरोघरी आणि चव्हाट्यावर चर्चा रंगते. कित्येकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. एकदा पाहिलेल्या गोष्टीत पुन्हा काय पाहावयाचे, असे ते विचारतात. नुसते डोळे निववण्यासाठी पाहिले, तर त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु मन जागे ठेवून पाहिले, तर या पुन्हा पाहण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी, महाड तालुक्यात, हिरकणीवाडी नावाची लहानशी वस्ती आहे. तिच्या नावातच एक कथा सामावलेली आहे. हिरकणी नावाची गवळण गडावर दूध विकावयास जात असे. कोजागरीच्या दिवशी तिला परतण्यास उशीर झाला आणि सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ भुकेने रडत असेल, या विचाराने ती व्याकूळ झाली. तिने पहारेकऱ्यांची विनवणी केली. परंतु महाराजांच्या आज्ञेपुढे त्यांचा इलाज चालेना. अखेर ती एका तुटलेल्या कड्यावरून, काट्याकुट्यांतून, रात्रीच्या वेळी खाली उतरली. शिवाजी महाराजांना हे कळले, तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. तोच हिरकणी बुरूज, असे लोक सांगतात.

ही कथा महाराष्ट्रातील बहुतेक मुलांना ठाऊक असते. ठाऊक असलेली कथा पुन्हा ऐकून काय मिळते? पाच वर्षांचे मूल ती ऐकते, तेव्हा त्याला घरी रडणारे बाळ तेवढे दिसते, आणि आई घरी पोहोचली की त्याचा जीव भांड्यात पडतो. बारा वर्षांच्या मुलाला कडा दिसतो आणि तो उतरणाऱ्या स्त्रीचे धैर्य दिसते. आणखी काही वर्षांनी त्याच श्रोत्याच्या मनात निराळे प्रश्न उभे राहतात. दरवाजा न उघडणारे पहारेकरी कठोर होते, की कर्तव्यदक्ष? महाराजांनी बुरूज बांधविला, तो केवळ त्या मातेच्या कौतुकासाठी, की जेथून एक स्त्री उतरू शकते तेथून शत्रूही चढू शकेल, हे ओळखून? कथेतील एक अक्षरही बदललेले नसते. ऐकणारा मात्र मोठा झालेला असतो. आपण किती वाढलो, हे मोजण्यास आवडत्या कथेसारखी दुसरी पट्टी नाही.

परंतु पुन्हा पाहण्याचे महत्त्व एवढ्यावरच संपत नाही. हिरकणीची कथा ही लोककथा आहे. राजेरजवाड्यांचे पराक्रम ताम्रपटांवर, शिलालेखांवर आणि बखरींत नोंदले जातात; दूध विकणाऱ्या गवळणीची आठवण लोकांनाच जपावी लागते. लोकांनी ती नाना प्रकारे जपली. एका वस्तीला आणि एका बुरुजाला तिचे नाव आहे. महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळाच्या निमआराम गाड्यांना हिरकणीचे नाव आहे. बाळाला पाजण्यासाठी बसस्थानकांवर मातांकरिता जी खोली राखून ठेवतात, तिला हिरकणी कक्ष म्हणतात. २०१९ साली प्रसाद ओक यांनी ‘हिरकणी’ हा मराठी चित्रपट काढला आणि त्यात सोनाली कुलकर्णी यांनी हिरकणीची भूमिका केली. आजी जी कथा जेवणानंतर पाव घटकेत सांगते, ती चित्रपटाला दोन तास पुरवावी लागते. साहजिकच तीत नवी माणसे आणि नवे प्रसंग येतात, गीते येतात.

पुढच्या पिढीतील अनेक मुले ही कथा आजीच्या तोंडून ऐकण्याआधी पडद्यावर पाहतील. म्हणजे पडद्यावर जे दिसेल, तेच त्यांच्या मनात हिरकणी म्हणून कायमचे घर करील. म्हणूनच जुनी कथा जाणणाऱ्या रसिकांवर मोठी जबाबदारी येते. नव्या कृतीत काय साधले आणि काय निसटले, हे त्यांनी सांगितले नाही, तर ते सांगणार कोण? या कामी हिरकणीवाडीच्या मुलांना एक खास अधिकार आहे. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ कसा निसरडा होतो, करवंदीचे काटे कसे बोचतात आणि कड्याच्या सावलीत अंधार किती लवकर दाटतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. १९९६ सालापासून गडावर जाण्यासाठी येथून रज्जुमार्ग झाला आहे. पाळण्यात बसणारा प्रवासी काही मिनिटांत वर पोहोचतो. त्याला कड्याची उंची दिसते, परंतु पायांना ती कळत नाही. पायांना ती ज्यांच्या कळली आहे, त्यांचे मत ऐकण्याजोगे असते. मात्र त्यांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. आपल्या गावाचे नाव पडद्यावर झळकले, एवढ्याने ती कृती उत्तम ठरत नाही.

जुन्या-नव्याच्या वादात दोन प्रकारची माणसे आढळतात. एकाला जे जे जुने ते ते सोने वाटते. दुसऱ्याला जुने म्हणजे संथ आणि कंटाळवाणे वाटते. दोघेही पाहण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला. त्यात वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली, आणि १९५४ साली त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर नवा चित्रपट काढला. रंगांची कमतरता नसलेल्या या काळात त्यांनी कृष्णधवल चित्रणाची वाट निवडली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नवे म्हणजे केवळ झगमगाट, असे समजणाऱ्यांना ते एक उत्तरच आहे. आणि ज्या चित्रपटाला आज जुना म्हणून मान मिळतो, तोही १९५३ साली नवाच होता. खऱ्या रसिकाने पुस्तक वाचावे, दोन्ही चित्रपट पाहावेत आणि मग बोलावे. तराजू दोन असू नयेत. जुन्यासाठी आणि नव्यासाठी तो एकच असावा.

पारख करताना आवडत्या गोष्टीतील उणे दिसले, तर काय करावे? येथे पुष्कळांचे मन कचरते. हिरकणीवाडीच्या शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठ हे गाव आहे. तानाजी मालुसरे यांचे नाव या गावाशी जोडलेले आहे. १६७० साली त्यांनी सिंहगड घेताना देह ठेवला. या पराक्रमावर पोवाडा रचला गेला आणि हरि नारायण आपटे यांनी कादंबरी लिहिली. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, १९३३ साली प्रभात कंपनीने त्याच नावाचा बोलपट काढला आणि २०२० साली ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट आला. पोवाड्यातील घोरपड सर्वांना आवडते. दोर बांधलेली ती घोरपड कड्याला चिकटते आणि मावळे वर चढतात. इतिहासाचे अभ्यासक मात्र तिला कवीची कल्पना मानतात. हे ऐकून एखाद्याला वाईट वाटते. आपले काही हिरावून घेतले, असे वाटते. परंतु घोरपड वगळली, तरी रात्रीच्या अंधारात तो कडा चढणारी माणसे उरतातच. जनावराच्या साहाय्यावाचून ते चढले, असे मानले तर त्यांचा पराक्रम उलट वाढतो. कवीला कल्पनेचा अधिकार आहे, तसा श्रोत्याला कल्पना कोणती आणि घडलेले कोणते, हे विचारण्याचा अधिकार आहे. तो बजावल्याने आवड उणावत नाही.

म्हणून मत देणाऱ्याने आधी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. ही कृती नीट, शेवटपर्यंत पाहिली काय? मूळ कथेचा प्राण तीत आहे काय? नवे जे घातले, त्याने कथा समजण्यास साहाय्य झाले, की केवळ वेळ भरला? जे आवडले, ते का आवडले, हे दोन वाक्यांत सांगता येईल काय? “छान आहे” आणि “टाकाऊ आहे” एवढे दोनच शब्द ज्याच्यापाशी आहेत, त्याने अजून पारख केलेली नाही. दोष दाखवतानाही त्याची वाणी सभ्य असावी, कारण एका चित्रपटामागे शेकडो माणसांचे श्रम असतात.

आईला आपले मूल प्राणाहून प्रिय असते. तरीही त्याचे चुकले, तर ते सांगण्यास ती मागे-पुढे पाहत नाही. कथेवर प्रेम करणाऱ्यांनीही तसेच असावे. आंधळ्या स्तुतीने कलावंत शिथिल होतो आणि आंधळ्या निंदेने तो खचतो. जाणत्या रसिकाच्या शब्दाने मात्र त्याची पुढची कृती सुधारते. हिरकणीची कथा उद्याही कोणी तरी सांगेल, लिहील, पडद्यावर आणील. ती चांगली सांगितली जावी, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी ती आवडीने ऐकावी आणि तितक्याच आवडीने पारखावी.