लस आली, नर्स आल्या, ॲप अडकलं! दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेतं कोण?

तारीख होती १६ जानेवारी २०२१. देशभरात कोरोना लसीकरण सुरू झालं. महाराष्ट्रातल्या केंद्रांवर लस पोहोचली होती, नर्स तयार होत्या. घोळ झाला तो कोविन ॲपमध्ये. पहिल्या दिवशी कागदावर नोंदी करून वेळ मारून नेली, पण पुढच्या नोंदी ॲपमध्येच करायच्या होत्या. शेवटी मुंबईसह राज्यातलं लसीकरण १८ जानेवारीपर्यंत थांबवावं लागलं.

याच कोविनवर जुलै २०२२ पर्यंत २०० कोटी डोसची नोंद झाली. म्हणजे सॉफ्टवेअर सुधारतं. प्रश्न इतकाच, की चूक आधी कोणाला सापडते? कंपनीतल्या माणसाला की रांगेतल्या पेशंटला?

क्यूए म्हणजे काय?

सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणं म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्स, थोडक्यात क्यूए. पुण्याच्या आयटी कंपन्यांमध्ये या कामाकडे अनेकदा 'कोडिंग जमत नाही त्याची नोकरी' म्हणून बघितलं जातं. पण शॉपिंग ॲप चुकलं तर शर्टाचा साइज चुकतो. दवाखान्याचं सॉफ्टवेअर चुकलं तर औषधाचा डोस चुकू शकतो.

कार्ल्याचंच उदाहरण घेऊ

मावळातलं हे गाव. कोणी 'कार्ला' लिहितं, कोणी 'कार्ले'. इंग्रजीत तर त्याची आणखी स्पेलिंग सापडतात. आता समजा, एका आजींची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात 'कार्ला' अशी झाली आणि तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात 'कार्ले' अशी. सॉफ्टवेअरला त्या दोन वेगळ्या आजी वाटल्या, तर एकीच्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी असेल आणि दुसरीच्या नोंदीत नसेल.

उलटही होऊ शकतं. गावात एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका असणं काही नवं नाही. सॉफ्टवेअरने त्यांना एकच समजलं, तर एकीचा रिपोर्ट दुसरीच्या हातात.

चांगला टेस्टर असेच प्रश्न विचारतो. बाळाचं बारसं झालेलं नाही, तर नावाच्या रकान्यात काय लिहायचं? रेंज गेली आणि सिस्टरने सेव्हचं बटण दोनदा दाबलं, तर लस दोनदा दिल्याची नोंद होईल का? वजन ७ किलोऐवजी ७० टाइप झालं, तर सॉफ्टवेअर टोकेल का? एकवीरा देवीच्या चैत्री यात्रेला गर्दी वाढली आणि एका तासात नेहमीच्या कैकपट नोंदी आल्या, तर ते तग धरेल का?

हे प्रश्न ऑफिसात बसून सुचत नाहीत. त्यासाठी केसपेपरच्या खिडकीशी उभं राहून बघावं लागतं.

चूक किती महाग पडते?

जगभर यासाठी थेराक-२५ या मशीनचं उदाहरण दिलं जातं. हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं कॅनडात बनलेलं मशीन. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा पेशंटना प्रमाणाबाहेर रेडिएशन दिलं. त्यातल्या काहींचा जीव गेला.

त्यातली एक चूक फार बोलकी आहे. ऑपरेटरने स्क्रीनवरची माहिती झटपट बदलली, तरच ती घडायची. हळू टाइप केलं तर सगळं ठीक. म्हणजे रोज काम करून ज्यांचा हात बसला, त्यांच्याच हातून ती उघडी पडली. आधीच्या मशीनमध्ये अशा वेळी रेडिएशन रोखणारी यांत्रिक सोय होती. इथे ती काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता.

मग भारतात नियम आहेत का?

आहेत. निदान किंवा उपचारासाठीचं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येतं. पण केसपेपर, नोंदणी, बिल सांभाळणारं सॉफ्टवेअर सहसा या चौकटीबाहेर राहतं. कार्ल्याच्या आजींची गोची होते ती नेमकी इथेच. आणि आता १४ अंकी आभा नंबरमुळे एका दवाखान्यातली नोंद दुसरीकडे दिसू लागली आहे. हे सोयीचं आहेच, पण चुकीची नोंदही तितक्याच सहज प्रवास करते.

म्हणून दोन गोष्टी गरजेच्या आहेत. एक, 'हे अजून तयार नाही' असं सांगून काम थांबवायचा अधिकार टेस्टरला हवा. डेडलाइनच्या आदल्या रात्री त्याचं म्हणणं बाजूला सारलं, तर त्याच्या नोकरीला अर्थ उरत नाही. दोन, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरची तक्रार थेट त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी, कारण खरी परीक्षा रोज तीच घेत असते.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी केसपेपर काढाल तेव्हा नाव, जन्मतारीख आणि ॲलर्जी बरोबर लिहिली आहे का, ते स्वतः वाचून बघा. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.